नकाशात बसलेले आबा

माझं काम रानात पांढरी रेघ मारायचं. दुसऱ्याच्या रानात. माझं स्वतःचं रान एक गुंठासुद्धा नाही, तरी आमच्या शिवारातली बहुतेक रानं मी फक्कीचं घमेलं काखेत धरून पालथी घातली आहेत. फक्की म्हणजे चुन्याची पूड, कबड्डीच्या मैदानावर मारतात तीच.

अंगणवाडीच्या बाई दर साली दिवाळीचा अंक वाचायला देतात. त्यात माणसं आपापल्या कामाच्या गमती लिहितात. डॉक्टर असतो, वकील असतो, एकदा एक रेल्वेतला माणूस होता. रेघ मारणारी बाई काही अजून दिसली नाही. म्हणून वहीत लिहून ठेवते आहे. कोणाला दाखवायचं नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, घसा आवळतो. वहीचं बरं असतं, ती मध्येच "मोठ्यानं बोल की" म्हणत नाही.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. उतारावर पडलेलं पाणी धावत सुटतं आणि जाताना माती घेऊन जातं. त्याला थांबवायला आडवा बांध घालायचा. आता आडवा म्हणजे कसा, तर डोळ्याला सरळ दिसेल तसा नव्हे. उतारावरच्या ज्या ज्या जागा एका उंचीवर आहेत त्या जोडत गेलं की एक रेघ तयार होते. ती सापासारखी वळत जाते. त्या रेघेवर बांध घातला तर पाणी बांधामागं सगळीकडं सारखं उभं राहतं आणि जागीच मुरतं. रेघ चुकली की पाणी एका टोकाला गोळा होतं आणि बांध फोडून निघून जातं. म्हणजे सगळा खेळ रेघेचा.

ती शोधायला आमच्याकडं तीन बांबू असतात. दोन बांबू वर एकत्र बांधून खाली फाकवायचे, तिसरा मध्ये आडवा बांधायचा. वरून सुतळीला दगड सोडायचा. सुतळी आडव्या बांबूवरच्या खुणेला लागली की खालचे दोन्ही पाय एका उंचीवर आले. पायाशी फक्की टाकायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा गर्रकन फिरवायचा, पुन्हा सुतळी बघायची. असं करत करत डोंगर ओलांडायचा. चौथीपर्यंतची शाळा या कामाला पुरून उरते.

हे काम मी मागितलं नव्हतं. पाणी अडवायचं काम करणाऱ्या संस्थेचे देशमाने साहेब गावात आले, गावाचा आराखडा करायचाय म्हणाले. कुठल्या रानात बांध, कुठं चर, कुठं झाडं, हे सगळं गावानंच ठरवायचं आणि संस्था मदत करणार. त्यांनी विचारलं, "बायकांपैकी शिवार कोणाला पाठ आहे?" माझ्या शेजारी गयाबाई बसली होती. गयाबाई माझी शेजारीण, तिचा आवाज गावाच्या भोंग्यापेक्षा मोठा. तिनं माझं कोपर धरलं आणि माझा हात वर केला. साहेबांनी नाव लिहून घेतलं. मी हात खाली घ्यायला बघत होते पण कोपर तिच्याकडं होतं. मग साहेब म्हणाले जोडीला कोण, तेव्हा मी तिचं कोपर धरलं. आयुष्यात एवढा एकच सूड मी घेतला असेल.

आता वाऱ्याची गंमत. उन्हाळ्यात उतारावर असा वारा सुटतो की सुतळीचा दगड घड्याळाच्या लंबकासारखा झुलत राहतो. सुतळी खुणेवर थांबायचं नाव घेत नाही. गयाबाईनं युक्ती काढली. मजुरीला आलेल्या चार बायका बांबूंभोवती गोल करायच्या, पदर पसरून आडोसा धरायच्या आणि मी मधे वाकून सुतळी बघायची. एकदा वारा फारच होता, बायकाही वैतागल्या होत्या, आणि गयाबाई बाहेरून ओरडत होती, "थांब, थांब! हलू नको! आता आलं बघ! आलं, आलं!"

खालच्या पायवाटेनं एक मोटारसायकलवाला चालला होता. त्यानं गाडी थांबवली, क्षणभर बघितलं आणि फुफाटा उडवत गावाकडं पळाला. अर्ध्या तासानं आमच्या आशाताई धापा टाकत उतारावर हजर. हातात पिशवी, मागं तो मोटारसायकलवाला, त्याच्या खांद्यावर घोंगडी.

"कोण हाय? कितवा महिना?" आशाताई पदरांच्या आत घुसल्या. आत मी आणि सुतळीला बांधलेला दगड.

त्यांनी दगडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. गयाबाई म्हणाली, "बाळंतीण ठीक हाय ताई. पोरगं जरा वजनदार झालं." तिथं आम्ही ज्या हसलो, माझी सुतळी पार खुणेच्या बाहेर गेली आणि त्या दिवशीच्या तीन खुणा दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा माराव्या लागल्या. आशाताई अजूनही मला बाजारात भेटल्या की विचारतात, "लेकरू बरंय का?"

आता आबांचं सांगते.

आमच्या कामाचा नियम असा की सुरुवात माथ्यापासून. वरचं पाणी अडलं नाही तर खालचे बांध टिकत नाहीत. म्हणून माथ्यावरच्या शेतकऱ्याची सही नसेल तर आराखडाच पुढं जात नाही. गाव संस्थेच्या यादीतून जातं आणि बांध घालायची यंत्रं दुसऱ्या गावाला जातात. उतारावरच्या सगळ्यांनी सह्या दिल्या होत्या. राहिले होते फक्त आबा, आणि माथ्याचं रान आबांचंच. उताराच्या पार तळाशी ओढा, आणि ओढ्याकाठी आमच्या वस्तीची विहीर. होळी झाली की ती तळ दाखवते. मग आमच्या बायका हंडे घेऊन दुसऱ्यांच्या मळ्यात जाऊन उभ्या राहतात. वर पाणी मुरलं तर खाली झरा लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे आमच्या हंड्यांचा रस्ता आबांच्या सहीवरून जात होता.

आबा म्हणजे गावातलं जुनं खटलं. वय पंच्याहत्तरच्या पुढं, पांढरं धोतर, हातात काठी, गुडघे गेलेले. पण बोलणं कडक. साहेब चार वेळा त्यांच्या ओसरीवर गेले. पाचव्यांदा मला आणि गयाबाईला पाठवलं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते, बोलणं सगळं गयाबाईचं.

आबा म्हणाले, "माझ्या बापापासून रान जसं होतं तसं हाय. एक ढेकूळ हललं न्हाई. मला बांध कशाला? ज्यांची रानं वाहून जाऊन राह्यली त्यांनी घालावा."

"आबा, खालच्या लोकांसाठी तरी..."

"खालच्यांनी खाली बघावं."

आम्ही परत आलो. मला तेव्हाच एक गोष्ट माहीत होती आणि मी ती बोलले नाही. ते पुढं येईलच.

ग्रामसभेचा दिवस आला. त्या दिवशी आराखडा गावापुढं मांडायचा होता. कागदावरचा नकाशा सगळ्यांना कळत नाही, म्हणून आम्ही जमिनीवर रांगोळीचा नकाशा काढतो. ओढा निळ्या रंगाचा, रस्ते पांढरे, रानांच्या हद्दी विटकरी. झाडांच्या जागी लिंबाचे डहाळे, विहिरींच्या जागी मूठमूठ तूरडाळ. शाळेच्या पटांगणावर सकाळपासून मी आणि गयाबाई ओणव्या. तेवढ्यात म्हातारी माणसं जमली आणि म्हणाली, "आधी मारुती काढा. गावाचं काम मारुतीपासून." गावची रीतच आहे ती. पटांगणाच्या ज्या अंगाला मारुतीचं देऊळ आहे त्या अंगाला मी मारुती काढला, त्याच्या पुढं गाव, गावापुढं ओढा, मग उतार आणि अगदी पलीकडच्या टोकाला आबांचं माथ्याचं रान.

नकाशा झाला आणि कोंबड्या आल्या. आम्ही पाणी प्यायला गेलो तेवढ्यात त्यांनी गावातल्या निम्म्या विहिरी खाल्ल्या. आमच्या वस्तीची विहीर सगळ्यात आधी गेली. गयाबाई म्हणाली, "बघ, कोंबडीसुद्धा आपल्याच विहिरीवर टपलेली असती." शेळ्यांनी जंगल खाल्लं. आम्ही पुन्हा डाळ टाकली, पुन्हा डहाळे खोवले आणि सभा सुरू झाली.

गाव गोल करून उभं. जो तो आपलं रान शोधायला लागला. "माझा आंबा कुठंय?" "माझ्या हद्दीत तुझी रांगोळी कशी?" एकानं पायानं विटकरी रेघ चार बोटं सरकवली, दुसऱ्यानं ती परत सरकवली. त्या गर्दीतून आबा काठी टेकत आले. सरळ नकाशात शिरले, ओढा ओलांडला, उतार चढले, आपल्या रानाच्या वरच्या कोपऱ्यात पोचले आणि मांडी घालून बसले.

साहेब म्हणाले, "आबा, जरा बाजूला बसता का? लोकांना नकाशा दिसायचाय."

"मी माझ्या रानात बसलोय. कोणाला तकलीफ हाय का?"

गयाबाई हळूच म्हणाली, "आबा, सात-बारा आणलाय का?" मागून हसण्याची लाट आली. आबांनी नुसती काठी वाजवली.

साहेबांनी ठरवलं, वाद नको, दाखवूनच देऊ. ते म्हणाले, "आता आपण माथ्यावर पाऊस पाडू. पाणी कसं धावतं, कोणाच्या रानातून जातं, ओढ्याला कसं मिळतं, ते डोळ्यांनी बघा. सुमनताई, कळशी ओता."

मी कळशी उचलली आणि आबांच्या शेजारी, माथ्यावर, ओतली.

पाणी क्षणभर थांबलं. ओढ्याकडं एक बोटही गेलं नाही. उलटं वळलं, आबांच्या मांडीखाली शिरलं आणि तिथंच बसलं.

एवढ्या रानांचा उतार मी तीन बांबूंनी मोजला होता, आणि ज्या पटांगणावर उभी होते त्याचा उतार बघितला नव्हता. देवळाची बाजू उंच, पलीकडची सखल. मारुतीपासून सुरू केलं म्हणून गाव उंचावर गेलं आणि माथा खड्ड्यात.

आबांचं धोतर भिजत होतं. पण ते काही उठेनात. उलट दोन्ही हात वर करून म्हणाले, "बघा! सगळ्या गावानं बघा! माझ्या रानातलं पाणी माझ्याच रानात राह्यलं! बिलकुल बांध न घालता!"

गाव जे हसलं, शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. साहेबांनी कपाळाला हात लावला. माझं म्हणाल तर मला लाज वाटायला हवी होती, मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण आबा चिखलात मांडी घालून असे काही दिमाखात बसले होते की मलाही हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं, पोट दुखायला लागलं, मी हातातल्या कळशीवरच वाकले. आणि हसता हसता, कसं काय कोण जाणे, घसा मोकळा होता.

"आबा," मी म्हणाले, "तुम्ही बसलात ते तुमचं रान न्हाई."

माझा आवाज एवढा मोठा निघाला की मीच मागं वळून बघितलं कोण बोललं.

हसणं थांबलं. आबा म्हणाले, "काय म्हणलीस?"

"तो वरचा कोपरा आता रान न्हाई. तिथं घळ झाली. तुमची हद्द तिथून आत आली."

"तुला काय ठावं? तुझं रान हाय का माथ्याला?"

"न्हाई. पण तुमच्या रानात मी दहा वर्षांची असल्यापासून खुरपायला येते. चौथीतून काढून आईनं मला तुमच्याच रानात आणलं होतं. तुमच्या रानात विहिरीपासून सातव्या सरीला मुरूम लागतो, तिथं खुरपं खणकन वाजतं. मधल्या पट्ट्यात लव्हाळा हाय, तो कितीबी उपटा, पुन्हा येतो. बोरीच्या अंगाला माती काळीभोर, पाय रुतत्यात. आणि वरच्या कोपऱ्यात हद्दीचा दगड व्हता, त्याच्या सावलीला आम्ही भाकरी खायचो. तो दगड आता तिथं न्हाई."

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग काठी टेकून उठले. धोतराला अख्खा माथा चिकटला होता, विटकरी रंगासकट. ते म्हणाले, "चल. दाखव."

सभा तिथंच मोडली आणि सगळं गाव माथ्याकडं निघालं. आबांना कोणीतरी मोटारसायकलवर घेतलं, गाडीमागं साहेब, साहेबांमागं आम्ही बायका, आमच्यामागं शेळ्या. गयाबाई वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगत होती, "आबांचा कोपरा बघायला चाललोय, चला!" मला अजून हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. मी चुकले असते तर? दोन वर्षांत मी त्या कोपऱ्याला गेले नव्हते, मधे कोणी दगड परत लावला असता तर?

वर पोचलो. आबा गुडघ्यांमुळं तीन-चार वर्षं माथ्यावर आले नव्हते. मुलगा शहरात असतो, रान बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलेलं. बटईदारानं दर साली नांगर थोडा थोडा आत वळवला आणि विषय संपवला. आबा कोपऱ्याकडं चालत गेले आणि काठी पुढं टेकायला गेले तर काठीला जमीन लागेना. तिथं पुरुषभर खोल घळ होती. खाली तळाला, दगडगोट्यांत आडवा, हद्दीचा दगड पडला होता.

"कवा गेला?" आबांनी विचारलं.

"दोन पावसाळे झाले."

"तू बघितलं व्हतं?"

"व्हय."

"मंग बोलली का न्हाई?"

खुरपताना मी ती घळ बघितली होती तेव्हा ती हातभर होती. चार दगड रचले असते तरी थांबली असती. पण आबांच्या ओसरीवर जाऊन बोलायचं कसं, कोणत्या तोंडानं, या विचारात दोन पावसाळे गेले. परवा उंबऱ्याशी माती उकरत उभी होते तेव्हाही बोलता आलं असतं. या कामात मी पुष्कळ रेघा चुकवल्या, पुसल्या, पुन्हा मारल्या. ही चूक मात्र पुसता येत नाही.

मी म्हणाले, "लाज वाटली."

आबांनी घळीत बघितलं. मग ते हळूच म्हणाले, "केवढी माती व्हती इथं. गेली कुठं?"

खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण त्या दिवशी तोंडाला झालं होतं तरी काय!

"आमच्या चुलींना लागली, आबा."

"आं?"

"ओढ्याच्या वळणाला येऊन पडती ती. आमच्या विहिरीपाशी. मऊ, काळी, खडा म्हणून न्हाई. वस्तीतल्या सगळ्या बायकांनी त्याच मातीच्या चुली घातल्यात. मी दोन घातल्या."

गयाबाईनं माझ्या कमरेला चिमटा काढला, पण आता सांगून झालं होतं. आबांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग त्यांची मिशी हलली.

"माझ्या बापाची माती," ते म्हणाले, "आन् तुमच्या चुली. मंग भाकर तरी बराबर फुगती का?"

"टम्म फुगती!" गयाबाई ओरडली.

"मंग आण. बघू तर दे कशी फुगती."

गयाबाई हसायची थांबली. आमच्या वस्तीत आबांच्या घरचं माणूस कधी पाण्याला थांबलेलं आम्ही ऐकलं नव्हतं, भाकरीचं तर सोडाच. ती माझ्याकडं बघायला लागली. आबा म्हणाले, "जल्दी जा की. भूक लागली. सकाळपासून रानात बसून राह्यलोय."

गयाबाई उतारावरून अशी पळाली की फक्कीच्या दोन रेघा तिच्या चपलांनी विस्कटल्या. परत आली ती फडक्यात तीन भाकरी आणि तेल घालून कुटलेला मिरचीचा ठेचा घेऊन. आबा घळीच्या काठाला बसले. भाकरीचा पापुद्रा बोटानं उचलून आत बघितलं, जसं काही तिथं बापाची माती दिसणार होती. मग तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीनं का कशानं, ते काही मला सांगता यायचं नाही. दुसरी भाकर अर्धी झाली तेव्हा त्यांनी उजवा हात पुढं केला.

"कागद आण साहेब."

साहेब घाईघाईनं म्हणाले, "आबा, हात..."

"हाताला काय झालं?"

सही झाली. सहीच्या शेजारी तेलाचं बोट उमटलं, चांगलं रुपयाएवढं, लालभडक. साहेब तो कागद वाऱ्यावर हलवत राहिले, पण तेल कुठं वाळतंय. ते म्हणाले, "वरच्या ऑफिसात विचारतील, हा डाग कशाचा. मी काय सांगू?"

"ठेच्याचा," गयाबाई म्हणाली. "अजून एक भाकर शिल्लक हाय, त्यांच्यासाठी बांधून देऊ का?"

कागद डागासकट गेला आणि डागासकट मंजूर झाला.